पानावर प्रभार नसताना थेंब पानामागे का वळतो? द्राक्षबागेतल्या इलेक्ट्रोस्टॅटिक फवारणीचं गणित

प्रश्न: आमची दिंडोरी तालुक्यात थॉमसन द्राक्षांची बाग आहे. इलेक्ट्रोस्टॅटिक ब्लोअर (हवेच्या झोताने प्रभारित थेंब फवारणारं यंत्र) घ्यायचा विचार चालू आहे. डीलर सांगतात की थेंबावर करंट चढवला की तो पानामागे वळून चिकटतो आणि पाणी तिसऱ्या हिश्श्यावर येतं. मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याचं म्हणणं, आकर्षण विजातीय प्रभारांमध्ये असतं, पानावर तर प्रभारच नाही, मग थेंबाला ओढतं कोण? दोघांपैकी कोणाचं धरायचं?

उत्तर:

भाऊ, तुमच्या मुलाने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेतलंत, तर मशीन घेताना काय बघायचं हे वेगळं विचारावं लागणार नाही. डीलर सांगतात ते घडतं, पण अटींवर घडतं, आणि त्या अटी माहितीपत्रकात नसतात.

माझं काम अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पावडर कोटिंगच्या गनवर सुरू झालं. पुढे दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या बागांमधल्या फवारणी यंत्रांचे नोझल आणि हाय व्होल्टेजचे भाग बघायला लागलो. लोखंडी दरवाजावर पावडर बसवायची असो की वेलीच्या पानावर औषध, खाली चालणारं भौतिकशास्त्र तेच आहे.

आधी मुलाच्या शंकेकडे येतो. पानावर प्रभार नाही याचा अर्थ पानात प्रभार नाहीच असा होत नाही. पानात धन आणि ऋण प्रभार अफाट आहेत, फक्त ते समसमान आहेत, म्हणून बाहेरून बेरीज शून्य दिसते. ऋण प्रभाराचा थेंब पानाजवळ आला की पानातल्या रसातले आयन सरकतात. ऋण आयन थेंबापासून लांब जातात, धन आयन थेंबाच्या बाजूला येतात. वेल जिवंत आहे, देठापासून काडी, ओलांडा (खोडाची आडवी फांदी), खोड, मुळं आणि ओली माती इथपर्यंत सगळीकडे पाणी आणि क्षार आहेत. त्यामुळे लांब ढकललेला ऋण प्रभार पानात अडकून राहत नाही, थेट जमिनीत उतरतो. मागे उरलेल्या पानावर निव्वळ धन प्रभार येतो. म्हणजे ज्या विजातीय प्रभाराची तुमचा मुलगा वाट बघतोय, तो थेंब स्वतःच पानावर बोलावून घेतो. पुस्तकात याला स्थितिक विद्युत प्रवर्तन म्हटलं आहे.

घरी पडताळायचं असेल तर थंडीच्या दिवसांत कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा फिरवा आणि नळाची अगदी बारीक धार सोडून कंगवा तिच्याजवळ न्या. धार कंगव्याकडे वळते. आता रेशमावर घासलेली काचेची कांडी न्या. तिच्यावर कंगव्याच्या उलट चिन्हाचा प्रभार असतो, तरीही धार तिच्याकडेच वळते. धारेवर आधीपासून ठरावीक चिन्हाचा प्रभार असता, तर दोनपैकी एकदा ती लांब पळाली असती. नळातून जमिनीशी जोडलेलं पाणी समोर जे येईल त्याच्या उलट चिन्हाचा प्रभार स्वतःवर गोळा करतं. वेलीचं पान हेच करतं.

म्हणूनच तोडलेलं पान प्लास्टिकच्या कागदावर ठेवून दाखवलेल्या प्रात्यक्षिकावर विसंबू नका. जमिनीशी नातं तुटलं की पहिले काही थेंब पानावर आपला ऋण प्रभार सोडतात, तो निघून जायला वाट नसते, आणि मग तेच पान पुढच्या थेंबांना दूर लोटतं. पावडर कोटिंगच्या लाइनवर हे रोज दिसतं. जॉब, म्हणजे रंगवायची वस्तू, टांगायच्या हुकावर जुन्या रंगाचा थर चढला की जॉबला अर्थिंग मिळत नाही आणि पावडर बसता बसत नाही. तिथे आम्ही जॉबपासून अर्थपर्यंतचा रोध एक मेगाओहमच्या आत आहे का ते मीटर लावून बघतो. वेलीच्या बाबतीत ही चिंता नाही. एका नोझलच्या अख्ख्या फवाऱ्याचा प्रवाह काही मायक्रोॲम्पिअर असतो, आणि तेवढा जमिनीत न्यायला जिवंत खोड पुरेसं आहे.

इथपर्यंत तत्त्व झालं. पण तत्त्वाने ओढ आहे म्हणून ती कामाला पुरेल असं नसतं. बळ किती, हे मोजायलाच हवं.

कूलोम यांनी १७८५ मध्ये पिळाच्या तराजूने दाखवलं की दोन प्रभारांमधलं बळ त्यांच्या गुणाकाराच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं. अंतर दुप्पट केलं की बळ पाव होतं. प्रभार कूलोम या एककात मोजतात. त्यातला स्थिरांक ९०० कोटी आहे: एक कूलोमचे दोन प्रभार एक मीटरवर ठेवले, तर त्यांच्यात ९०० कोटी न्यूटन, म्हणजे सुमारे नऊ लाख टन वजनाइतकं बळ लागेल. अर्थात एवढा प्रभार कोणी एका जागी ठेवू शकत नाही. साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटरच्या पुढे हवाच फुटते आणि ठिणगी पडते.

आपल्या थेंबावर प्रभार किती? चांगल्या यंत्राचा थेंब ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा धरू आणि एक किलो पाण्यामागे पाच मिलिकूलोम प्रभार धरू. असा एक थेंब एक ग्रॅमच्या सुमारे सात कोटीव्या हिश्श्याइतका हलका असतो. त्याच्यावर जास्तीचे इलेक्ट्रॉन असतात साधारण साडेचार लाख. आकडा मोठा वाटतो, पण त्या थेंबातल्या पाण्यात मुळात जेवढे इलेक्ट्रॉन आहेत, त्यांच्या हजार कोटीत एक अशी ही भर आहे. इतक्या बारीक असमतोलावर सगळा कारभार चालतो.

आता हा थेंब एकटाच पानासमोर आहे असं समजा. पानावर प्रवर्तित झालेल्या प्रभाराचा परिणाम काढायची एक सोपी युक्ती आहे: पानाच्या मागे, तेवढ्याच अंतरावर, उलट चिन्हाचा तेवढाच प्रभार ठेवला आहे असं मानायचं आणि कूलोमचं सूत्र लावायचं. बारावीला हे शिकवत नाहीत, पण तुमच्या मुलाला पाच मिनिटांत जमेल. उत्तर असं येतं: थेंब पानापासून एक सेंटीमीटरवर असताना ही ओढ थेंबाच्या वजनाच्या बाराशेव्या हिश्श्याइतकी असते. एक मिलिमीटरवर बाराव्या हिश्श्याइतकी. वजनाची बरोबरी व्हायला थेंब पानापासून पाव ते तीन दशांश मिलिमीटरवर यावा लागतो. आणि एक दशांश मिलिमीटरवर आला की ओढ वजनाच्या आठपट होते.

तेव्हा मुलाचा संशय दुसऱ्या बाजूने खरा ठरतो. एकटा थेंब स्वतःच्या ओढीवर सेंटीमीटरभर लांबूनही पानाकडे वळणार नाही. टेकण्याच्या बेतात आलेल्या थेंबाला पकडून ठेवण्यापुरतंच ते बळ आहे. बऱ्याच माहितीपत्रकांमध्ये एक थेंब आणि एक पान यांचं चित्र काढून बाण दाखवलेले असतात. ते चित्र बघून कोणाचाही गैरसमज होईल.

मग पानामागे औषध पोचतं कसं? कारण थेंब एकटा नसतो.

एक घनमीटर हवेत एक ग्रॅम पाणी फवारलं आहे असं धरा. तेवढ्यात असे सुमारे सात कोटी थेंब बसतात आणि दोन थेंबांमधलं अंतर अडीच मिलिमीटरच्या जवळ येतं. शेजारच्या एका थेंबाचं या थेंबावरचं बळ काढलं, तर ते वजनाच्या अठराव्या हिश्श्याइतकं निघतं. म्हणजे नगण्यच. पण विद्युत बळं एकमेकांत मिळतात, आणि इथे सगळे थेंब एकाच चिन्हाचे आहेत, त्यामुळे बेरजेत खोडाखोड होत नाही. अर्धा मीटर व्यासाच्या, नळकांड्यासारख्या लांब अशा ढगाच्या कडेला असलेल्या थेंबावर सगळ्या ढगाचं मिळून किती बळ येतं? विद्युत क्षेत्र निघतं साधारण ७० हजार व्होल्ट प्रति मीटर, आणि त्या क्षेत्रात थेंबावरचं बळ त्याच्या वजनाच्या ३६ पट होतं. नुसत्या वजनाने हा थेंब हवेत सेकंदाला पावणेतीन सेंटीमीटर वेगाने खाली येतो. ३६ पट बळाखाली तो सेकंदाला एक मीटरच्या आसपास वेग घेतो.

मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. शेजारी ज्याला हलवू शकत नाही, त्याला सात कोटींची बेरीज हलवते. आपल्या रोजच्या जगात विद्युत बळ जाणवत नाही त्याचं कारणही हेच, फक्त उलट्या बाजूने. इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनमधली विद्युत ओढ त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणापेक्षा इतकी जास्त आहे की तो आकडा दोनवर ३९ शून्यं लिहून दाखवावा लागतो. तरीही आपल्याला जाणवतं ते गुरुत्वाकर्षण, कारण पदार्थात धन आणि ऋण एकमेकांना जवळपास पूर्ण खोडून टाकतात. ढगात ऋणाला खोडणारं धन नाही. ते धन पानावर आहे, आणि ढगाची क्षेत्ररेषा, म्हणजे बळाची दिशा दाखवणारी रेषा, जिथे जमिनीशी जोडलेला पृष्ठभाग सापडेल तिथे जाऊन टेकते: पानाच्या वरही, खालीही, कडेवरही.

यातून पहिली अट निघते: ढग पानाच्या मागे गेला पाहिजे. ढग पानाच्या फक्त समोर राहिला तर रेषा समोरच टेकतील. मागे नेण्याचं काम हवेचं आहे, शेवटची वीतभर वाट विजेची. मांडवावर आणि वाय पद्धतीत (वेल Y आकाराच्या आधारावर) आपल्याला डाऊनी म्हणजे केवडा रोगासाठी पानाची खालची बाजू हवी असते, कारण त्या बुरशीचा शिरकाव पर्णरंध्रांतून होतो आणि पांढरी वाढ खालीच दिसते. वरच्या बाजूने कितीही धुतलं तरी स्पर्शजन्य औषध (पडेल तिथेच काम करणारं) खाली पोचत नाही.

हवा म्हटली की आपल्याकडे ब्लोअर पूर्ण जोरात चालवायची सवय आहे. इथेच बरीचशी मेहनत वाया जाते. पान १२ सेंटीमीटर रुंद आणि हवा त्याच्या बाजूने सेकंदाला १० मीटर वेगाने जातेय असं धरा. थेंब पानाच्या आसपास सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याहून किंचित जास्त वेळ असतो. विजेने त्याला आडवा एक मीटर प्रति सेकंद वेग दिला तरी तेवढ्या वेळात तो जेमतेम सव्वा सेंटीमीटर सरकेल. बाकी ढग पुढच्या ओळीत, नाहीतर शेजाऱ्याच्या बागेत. हवेचा वेग पानापाशी दोन मीटरवर आणला तर तोच थेंब सहा सेंटीमीटर सरकतो. पानं हलावीत, उलटीपालटी व्हावीत, पण काडीला चिकटून सपाट दाबली जाऊ नयेत, एवढी हवा ठेवा. ट्रॅक्टरचा गिअर आणि पीटीओचा (यंत्र फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचा) वेग बघून हे प्रत्येक बागेत बसवावं लागतं. छाटणीनंतरच्या तीन पानांच्या अवस्थेला जी हवा लागते, तीच भरलेल्या मांडवाला लागेल असं नाही.

दुसरी अट थेंबाच्या आकाराची. माझ्या मते मशीन घेताना हीच सर्वांत आधी बघावी, आणि हाच प्रश्न कोणी विचारत नाही. प्रवर्तनाच्या नोझलमध्ये पाण्याची धार फुटताना तिच्याभोवती एक धातूची कडी असते, कडीवर साधारण एक हजार व्होल्ट धन दाब असतो आणि पाणी अर्थ केलेलं असतं. कडीच्या क्षेत्रामुळे धारेच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार येतो आणि थेंब सुटताना तो घेऊन सुटतो. हवेच्या झोताने धार फोडणारा आणि कडी आत सुरक्षित ठेवणारा असा नोझल अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात एडवर्ड लॉ यांनी १९७० च्या दशकात विकसित केला. आज शेतात दिसणाऱ्या बऱ्याच यंत्रांचं मूळ त्या कामात आहे.

प्रभार पृष्ठभागावर बसतो, म्हणून तो थेंबाच्या त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. वजन मात्र घनाने वाढतं. थेंब मोठा केला की प्रत्येक ग्रॅमला मिळणारा प्रभार कमी होत जातो. वरचंच गणित २०० मायक्रॉनच्या थेंबाला लावा. एक किलोमागे पाचऐवजी पाऊणच मिलिकूलोम उरतो. ढगाचं क्षेत्रही त्याच प्रमाणात घसरतं. शेवटी विद्युत बळ आणि वजन यांचं गुणोत्तर ३६ वरून पाऊणच्या आसपास येतं. म्हणजे गुरुत्वाकर्षण जिंकलं, थेंब खाली पडला. साध्या एचटीपी (जास्त दाबाच्या पंपाच्या) गनच्या किंवा नेहमीच्या ब्लोअरच्या जाड थेंबाच्या नोझलला हाय व्होल्टेजचा डबा जोडून विकलेलं यंत्र म्हणूनच काम देत नाही. डब्यावर लाल दिवा लागतो, व्होल्टेजही मोजलं तर येतं, आणि पानामागे काहीच फरक नसतो.

मग थेंब आणखी बारीक का करू नये? कारण तो पोचण्याआधी विरतो. ३० मायक्रॉनचा थेंब दुपारच्या कोरड्या, गरम हवेत एक-दोन सेकंदांत आटू शकतो. एप्रिल छाटणीनंतर नाशिकची दुपार कशी असते ते तुम्हाला मी सांगायला नको. पहाटे आणि सूर्य कलल्यावर फवारा. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दिवसांत ही अडचण कमी असते, पण वारा बघावाच लागतो, कारण इतका हलका थेंब वाऱ्याबरोबर सहज वाहून जातो.

मुलासाठी एक जोड. थेंबावर मनमानी प्रभार चढवता येत नाही. पृष्ठताण थेंबाला एकत्र धरतो आणि प्रभार त्याला आतून बाहेर ढकलतो. या दोघांची बरोबरी कुठे होते ते लॉर्ड रॅले यांनी १८८२ मध्ये काढलं. ३० मायक्रॉनच्या पाण्याच्या थेंबासाठी ही मर्यादा किलोमागे सुमारे ८० मिलिकूलोम येते. आपण पाचवर आहोत, म्हणजे बरेच आत. पण थेंब आटत जातो आणि प्रभार तसाच राहतो. पाच मायक्रॉनच्या खाली आला की तो मर्यादेला टेकतो आणि फुटतो.

आता अशी अडचण सांगतो जी विजेनेच निर्माण होते आणि व्होल्टेज वाढवून सुटत नाही. फॅरेडे यांनी १८३६ मध्ये धातूचा पत्रा लावलेली एक खोली बांधून तिच्या बाहेर जबरदस्त प्रभार दिला आणि आत काहीच जाणवत नाही हे दाखवलं. जमिनीशी जोडलेल्या वाहकाने वेढलेल्या जागेत बाहेरच्या प्रभाराचं क्षेत्र शिरत नाही. पावडर कोटिंगमध्ये खोक्याच्या आतल्या कोपऱ्यात पावडर जात नाही ती याचमुळे: कडांवर थर चढतो, कोपरा उघडा राहतो. दाट मांडवात हेच होतं. बाहेरची पानं, सगळी जमिनीशी जोडलेली, मिळून एक पिंजरा तयार करतात आणि ढगातले थेंब पहिल्याच थरावर अडकतात. बाहेरचं पान दोन्ही बाजूंनी छान भरलेलं दिसतं, बागायतदार खूश होतो, आणि ओलांड्याजवळची पानं आणि घडाचा आतला भाग कोरडा राहतो. मिलीबग (पिठ्या ढेकूण) तर नेमका तिथेच, खोडाच्या सालीखाली आणि घडात लपतो.

यावर उपाय विजेत नाही, बागेत आहे. फुटींची विरळणी वेळेवर, घडाजवळची जादा पानं काढलेली, सूर्यप्रकाशाचे ठिपके जमिनीवर पडताहेत अशी छत्री, म्हणजे वेलीचा पानोरा. मग हवा ढगाला आत नेते, आणि आत गेलेल्या ढगाचं स्वतःचं क्षेत्र आतल्या पानांवर काम करतं. इलेक्ट्रोस्टॅटिक मशीन घेतलं म्हणून छत्री व्यवस्थापन सैल सोडलं, तर साध्या ब्लोअरपेक्षाही वाईट निकाल मिळू शकतो.

पानांच्या अणकुचीदार टोकांचीही थोडी अडचण आहे. टोकांवर क्षेत्र एकवटतं, तिथली हवा आयनित होते आणि उलट चिन्हाचे आयन ढगात शिरून थेंबांचा प्रभार कमी करतात. नोझल पानांच्या फार जवळ नेऊ नये याचं हे एक कारण आहे.

ट्रॅक्टरची अर्थिंग मात्र कोणी गंभीरपणे घेत नाही. यंत्र जेवढा ऋण प्रभार फवाऱ्याबरोबर बाहेर टाकतं, तेवढा धन प्रभार यंत्रावर मागे उरतो. एकूण प्रभार अक्षय्य आहे, तो कुठून तरी भरून यावाच लागतो. टाकी प्लास्टिकची, चाकं रबराची आणि जमीन कोरडी असेल, तर यंत्राचं विभव (व्होल्टेज) चढत जातं. मग दोन गोष्टी होतात: थेंब वेलीऐवजी मशीनकडेच परत वळून नोझलच्या दांड्या ओल्या करतात, आणि खाली उतरणाऱ्या माणसाला झटका बसतो. सांगाड्याला बोल्टने घट्ट बांधलेली, रंग खरवडून उघड्या लोखंडाला लावलेली एक साखळी जमिनीवर घासत ठेवा. टाकीतल्या पाण्यालाही सांगाड्याशी जोडणारी तार आहे ना ते बघा. पाणी अर्थ नसेल तर कडीच्या क्षेत्राला प्रभार कुठून ओढायचा हेच उरत नाही. पाठीवरच्या यंत्रात ही जोडणी चालवणाऱ्या माणसामार्फत होते, म्हणून निर्मात्याने दिलेली अर्थची पट्टी काढून टाकू नका.

पाण्याच्या प्रतीबद्दल मला नेहमी विचारतात. बोअरचं क्षारयुक्त पाणी चालतं का? प्रभार चढण्यापुरतं बघितलं तर विहीर, बोअर, कालवा सगळं चालतं. अशा पाण्यात प्रभार पृष्ठभागावर यायला सेकंदाचा काही कोटीवा भाग पुरतो, धार फुटायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. क्षाराचा त्रास वेगळा आहे: कडीभोवती सुकलेला क्षार आणि औषधाचा लगदा ओला झाला की त्यावरून करंट गळतो आणि कडीवरचं व्होल्टेज पडतं. लोक म्हणतात दमट हवेत मशीन काम करत नाही, त्याचं मूळ इथे आहे. दमट हवा स्वतः काही चांगली वाहक नसते. हवेत उडणाऱ्या थेंबावरचा प्रभार गळून जायला मिनिटं लागतात आणि थेंबाचा प्रवास सेकंदाचा असतो. गळती होते ती ओल्या, मळलेल्या पृष्ठभागावरून. रोज फवारणी झाली की नोझल साध्या पाण्याने चालवून, उघडून, मऊ ब्रशने साफ करा. तारेने किंवा टाचणीने खरवडू नका.

आता खरेदीआधीची तपासणी. दोन चाचण्या करा, दोन्ही तुमच्याच बागेत.

पहिली प्रभार मोजायची. बारीक जाळीचा धातूचा पत्रा किंवा तारेची जाळी प्लास्टिकच्या स्टुलावर उभी करा, म्हणजे ती जमिनीला टेकणार नाही. जाळीपासून मल्टिमीटरच्या मायक्रोॲम्पिअर रेंजमधून एक तार जमिनीत ठोकलेल्या सळईला न्या. एका नोझलचा फवारा जाळीवर सोडा. जेवढा प्रभार थेंबांनी आणला तेवढाच मीटरमधून जाईल. त्याच नोझलमधून मिनिटाला किती पाणी येतं ते मापात धरून मोजा. समजा मिनिटाला १०० मिली पाणी आणि मीटरवर आठ मायक्रोॲम्पिअर. १०० मिली प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला १.६७ ग्रॅम. भागाकार केला की किलोमागे ४.८ मिलिकूलोम येतात. हे चांगलं यंत्र. एक मिलिकूलोमच्या खाली आलं तर मी ते घेणार नाही. प्रत्येक नोझल वेगळा मोजा, कारण एकाच दांडीवरचे दोन नोझल वेगळे वागताना मी सर्रास बघतो. हाय व्होल्टेज बंद केल्यावर मीटर शून्याजवळ यायला हवं, तेही तपासा. मुलाला मीटर वाचायला बसवा. पुस्तकातला प्रभार आणि वेळ यांचा संबंध तिथे काट्यावर दिसतो.

दुसरी चाचणी पाणी-संवेदी कागदाची. हा पिवळा कागद पाण्याच्या थेंबाने निळा होतो. ओळीतले सहा-सात वेल निवडा आणि प्रत्येकावर बाहेरच्या पानाला वर एक, खाली एक, तसंच ओलांड्याजवळच्या पानाला वर-खाली आणि घडामागे एक असे कागद स्टेपल करा. तोच गिअर, तीच हवा, तेच पाणी ठेवून एक फेरी हाय व्होल्टेज चालू करून आणि नवे कागद लावून एक फेरी बंद करून मारा. मग भिंगाखाली तुलना करा. बारीक थेंबांचे ठिपके नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. चालू आणि बंद यात बाहेरच्या पानाच्या खालच्या बाजूला स्पष्ट फरक दिसला पाहिजे. ओलांड्याजवळ फरक नसेल तर आधी हवा आणि छत्री बघा. साध्या ब्लोअरशी तुलना करून डीलरने फरक दाखवला तर तो पुरावा धरू नका, कारण तिथे थेंबाचा आकार, हवा आणि पाणी सगळंच बदललेलं असतं. वीज काय करते हे कळायला फक्त वीजच बदलायला हवी.

राहिला पाणी तिसऱ्या हिश्श्यावर येण्याचा मुद्दा. थेंब बारीक असतात आणि ओघळून खाली जात नाहीत, म्हणून एकरी पाणी खरोखर कमी लागतं, यात अतिशयोक्ती नाही. पण पाणी कमी केलं म्हणून औषधही तेवढंच कमी करायचं, हा निष्कर्ष स्वतःच्या मनाने काढू नका. लेबलवर हेक्टरी किंवा एकरी मात्रा दिलेली असेल तर ती तीच राहते, ती कमी पाण्यात मिसळायची. त्यामुळे द्रावण दाट होतं. गंधकासारखी औषधं किंवा दोन-तीन औषधांचं मिश्रण अशा दाट द्रावणात कोवळ्या फुटीवर आणि मण्यांवर चट्टे पाडू शकतं, म्हणून दोन वेलींवर आधी मारून दोन दिवस थांबा. औषधाच्या लेबलवर कमी पाण्याच्या फवारणीला परवानगी आहे का तेही वाचा. निर्यातीची बाग असेल तर आणखी एक: पानामागे जास्त बसतं तसं मण्यावरही जास्त बसतं. काढणीपूर्व कालावधीत (शेवटची फवारणी ते काढणी यांतल्या दिवसांत) एका दिवसाचीही सूट घेऊ नका आणि पहिल्या हंगामात औषधाच्या उर्वरित अंशाचा नमुना नेहमीपेक्षा आधी तपासून घ्या.

तुमच्या बागेत ऑक्टोबर छाटणीनंतर चाळीसेक दिवसांनी छत्री पुरेशी भरलेली असेल. डीलरला प्रात्यक्षिक तेव्हाच द्यायला सांगा. मोकळ्या काड्यांवर कोणतंही मशीन चांगलं दिसतं.